रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? बोटाचं काम आणि डोक्याचं काम

१ ऑक्टोबर २०२४ ची पहाट. अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघायच्या तयारीत होते. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, खाली पडलं आणि गोळी सुटून त्यांच्या पायात घुसली, असं सांगण्यात आलं. दिवसभर बातम्यांच्या पट्टीवर एकच शब्द पळत होता: ‘मिसफायर’.

शस्त्रांच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ नेमका उलटा आहे. चाप ओढला, घोडा (काडतुसावर ठोका मारणारा मागचा भाग) पडला आणि तरीही गोळी सुटली नाही, तर तो मिसफायर. नको असताना गोळी सुटली तर तो अपघात, आणि बऱ्याचदा निष्काळजीपणा. पण शब्द एकदा पट्टीवर चढला की खाली उतरत नाही.

त्याच आठवड्यात मामाचा फोन आला. मामा तासगावकडचे द्राक्ष बागायतदार. शेतातल्या घरात राहतात, हंगामात रोकड बाळगावी लागते, म्हणून वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी परवाना काढला. गोदरेजच्या कपाटात, खालच्या खणात, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेलं .३२ चं रिव्हॉल्व्हर. “अरे, टीव्हीवर बघितलंस का? आपलं पण जुनं झालंय. ते देऊन टाकतो आणि ऑटोमॅटिक घेतो. तू तुझ्या क्लबात चालवतोस ना तसलं. ते सेफ असतं म्हणे.”

मी .२२ वर नेमबाजी करणारा हौशी माणूस, तज्ज्ञ नव्हे. पण त्या एका वाक्यात तीन गैरसमज होते आणि ते सोडवता सोडवता जे बोलणं झालं, ते इथे लिहितो आहे.

## आधी काडतूस

गोष्ट काडतुसापासून सुरू होते. काडतूस म्हणजे चार वस्तूंचा एक नग. पितळेची पुंगळी, तिच्यात दारू, तोंडाशी बसवलेली शिशाची गोळी आणि बुडाशी प्रायमर. प्रायमर म्हणजे दिवाळीतली टिकलीच समजा. ठोका बसला की ठिणगी, ठिणगीने दारू पेटते, वायूच्या दाबाने गोळी नळीतून पुढे जाते. पोलिसांच्या पंचनाम्यात ‘दोन जिवंत काडतुसे व तीन रिकाम्या पुंगळ्या’ असं वाचतो, त्यातली पुंगळी ही.

एक गोळी झाडून झाली की पुढचं काडतूस नळीमागे कसं आणायचं, हा सगळा प्रश्न आहे. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला फरक म्हणजे या एका प्रश्नाची दोन उत्तरं.

## टिकल्यांची चकती आणि टिकल्यांचा रोल

लहानपणी दिवाळीला दोन प्रकारच्या बंदुका मिळायच्या. एकीत लाल प्लॅस्टिकची गोल चकती बसायची, तिच्यावर आठ टिकल्या. चाप ओढला की चकती एक घर पुढे सरकायची आणि घोडा पडायचा. दुसरीत कागदाचा लांब रोल असायचा. तो भराभर वाजायचा, पण मध्येच रोल तिरका व्हायचा, मग ती उघडून नखाने कागद ओढत बसायचं.

रिव्हॉल्व्हर म्हणजे चकतीवालं. नळीमागे एक जाडजूड चक्री असते, तिला बहुतेक वेळा सहा घरं. प्रत्येक घरात एक काडतूस. तुम्ही चाप ओढता, तेव्हा तुमच्या बोटाची ताकद दोन कामं करते: चक्री एक घर फिरवते आणि घोडा मागे ताणून सोडते. बाहेरची कुठलीही शक्ती नाही. सगळं बोटावर चालतं, हातरहाटासारखं. सॅम्युअल कोल्टने अमेरिकेत १८३६ मध्ये याचं पेटंट घेतलं. चाप ओढून चक्री फिरवायची सोय नंतरची, त्याच्या काळात दर वेळी अंगठ्याने घोडा ओढावा लागे. पण मूळ कल्पना तीच राहिली आहे.

अर्ध-स्वयंचलित पिस्तुलात चक्री नसते. मुठीच्या आत एक चपटी डबी सरकवतात, तिला मॅगझिन म्हणतात. तुमच्या टेबलावरचा स्टेपलर उघडून बघा: खाली स्प्रिंग, वर पिनांची रांग, स्प्रिंग पिना पुढे ढकलत राहते. मॅगझिन असंच, फक्त उभं. वरचं पोलादी आवरण मागे-पुढे सरकतं, त्याला स्लाइड म्हणतात. गोळी पुढे जाते तेव्हा धक्का मागेही बसतो. होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते, तसा. तो धक्का स्लाइडला मागे फेकतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते, स्प्रिंग स्लाइडला परत पुढे आणते आणि येता येता ती मॅगझिनमधलं वरचं काडतूस उचलून नळीत सारते. डोळ्याची पापणी लवेपर्यंत हे सगळं झालेलं असतं. पुढच्या गोळीसाठी तुम्ही फक्त चाप ओढायचा.

म्हणजे रिव्हॉल्व्हरमध्ये पुढचं काडतूस तुमचं बोट आणतं आणि पिस्तुलात मागच्या गोळीचा धक्का आणतो. बाकी सगळे फायदे-तोटे इथूनच फुटतात.

## ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे बेकायदा ना?

मामाचा पहिला गैरसमज या शब्दाचा. लोक पिस्तुलाला सर्रास ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, पण १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या भाषेत चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, असं हत्यार प्रतिबंधित आहे. तुमच्याआमच्या परवान्यावर मिळणारं पिस्तूल तसं नसतं. चाप एकदा ओढला की एक गोळी. भरण्याचं काम आपोआप होतं, झाडण्याचं नाही. म्हणून ‘अर्ध-स्वयंचलित’. शब्द लांबलचक आहे, त्यामुळे यापुढे मी नुसतं ‘पिस्तूल’ म्हणेन आणि चक्रीवाल्याला रिव्हॉल्व्हर. आपल्या बातम्यांत दोन्हींना एकाच दमात पिस्तूल म्हणतात, ते इथे नको.

पिस्तूल ही काही नवी, परदेशी सिनेमातली वस्तूही नव्हे. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. चंद्रशेखर आझादांचं अलाहाबादच्या संग्रहालयात ठेवलेलं कोल्टही पिस्तूलच, रिव्हॉल्व्हर नव्हे.

## सगळे .३२ सारखे नसतात

परवान्यावर ‘.३२’ लिहिलेलं असतं. ही नळीच्या व्यासाशी जोडलेली, इंचातली खूण. साधारण आठ मिलिमीटर. सामान्य माणसाला संरक्षणासाठी जी छोटी शस्त्रं मिळतात, त्यांत मुख्यतः हेच बोअर, म्हणजे नळीचं माप, असतं. ९ मिलिमीटर हे प्रतिबंधित बोअर. पोलिसांकडे दिसतं म्हणून मागायला गेलात तर दुकानदार हसेल.

पण रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही दोन वेगळी काडतुसं आहेत. रिव्हॉल्व्हरचं, म्हणजे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ चं. त्याच्या बुडाला ठळक कड असते. चक्रीच्या घरात ते आत घसरून जाऊ नये म्हणून ती कड. पिस्तुलाचं .३२ शस्त्रांची रचना करणाऱ्या जॉन ब्राउनिंगने १८९९ मध्ये आणलं. ते आखूड आणि त्याच्या बुडाशी खाच असते, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याला तिथे पकड मिळते. एकाचं दुसऱ्यात वापरायचं नाही. दुकानात काडतुसं घेताना ‘.३२ द्या’ एवढं पुरत नाही, हे अनेक परवानाधारकांना वीस वर्षांनीही माहीत नसतं.

(नेमबाजीतली एक गंमत: आंतरराष्ट्रीय सेंटर-फायर, म्हणजे बुडाच्या मधोमध प्रायमर असलेल्या काडतुसांच्या, स्पर्धेत काही जण रिव्हॉल्व्हरचं हे .३२ लाँग खास बनवलेल्या पिस्तुलातून झाडतात, कारण ते कागदावर फार नेमकं बसतं. अपवाद म्हणून सांगितलं, कपाटातल्या शस्त्रावर प्रयोग करू नये.)

ताकदीचं म्हणाल तर दोघांत फार डावं-उजवं नाही. रिव्हॉल्व्हरची गोळी जड आणि संथ, पिस्तुलाची हलकी आणि वेगवान. दोन्ही माणूस मारू शकतात आणि मोठ्या बोअरच्या तुलनेत दोन्ही दुबळी. ‘पिस्तूल जास्त पॉवरफुल’ हा समज .३२ पुरता तरी सोडून द्यावा.

## पाच किलोचा चाप

मामाला मी पुण्यातल्या एका जुन्या शस्त्रविक्रेत्याकडे नेलं. दुकानाचं नाव महत्त्वाचं नाही. लाकडी काउंटर, भिंतीला साखळीत ओवलेल्या बारा बोअर बंदुका, आणि गल्ल्यावर सत्तरीतले काका. मामाचा परवाना आधी बघितला, दोनदा, चष्मा वर करून. मग त्यांनी एक रिव्हॉल्व्हर आणि एक पिस्तूल काउंटरवर ठेवलं. दोन्ही उघडून, रिकामी दाखवून.

“ओढा चाप,” रिव्हॉल्व्हर भिंतीतल्या वाळूच्या पेटीकडे धरायला लावून ते मामांना म्हणाले.

मामांचा हात द्राक्षाच्या वेली छाटणारा. तरी ओढताना शस्त्राचं तोंड खाली गेलं. घोडा न ताणता नुसता चाप ओढायचा, तर साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा जोर लागतो, तोही एका बोटाने. पाच लिटरच्या तेलाच्या डब्याचं वजन तर्जनीवर पेलून बघा. त्यात नेम हलतो. अंगठ्याने घोडा आधी मागे ताणून घेतला तर तोच चाप दीड-दोन किलोत सुटतो, पण मग इतका हलका होतो की दचकलेल्या माणसाच्या बोटाने नको तेव्हाही सुटेल.

मग पिस्तूल. त्याचा चाप हलका, पण त्याआधी स्लाइड मागे ओढावी लागते, तरच पहिलं काडतूस नळीत जातं. .३२ च्या बहुतेक पिस्तुलांत स्लाइडला पुढे दाबून धरणारं दुसरं काही नसतं, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढंच. त्यामुळे ती स्प्रिंग चांगलीच ताठ असते. मामांना जमलं. मामी सोबत होत्या, त्यांना सांधेदुखी. त्यांच्या चिमटीतून स्लाइड तीनदा निसटली.

“मग बायकांसाठी रिव्हॉल्व्हरच?” मामांनी विचारलं.

काका म्हणाले, “बाई-पुरुष नका बघू. मनगट बघा, बोट बघा.”

२०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ हे अर्ध्या किलोचं .३२ रिव्हॉल्व्हर काढलं, महिलांसाठी म्हणून. किंमत १ लाख २२ हजार ३६०. वजन कमी केलं म्हणून कौतुक झालं, पण वजन कमी म्हणजे हाताला बसणारा धक्का जास्त, हे जाहिरातीत नव्हतं. पर्समध्ये हलकं लागतं ते झाडताना हलकं लागत नाही. पुढे २०२३ मध्ये त्याच कानपूरहून ‘प्रबल’ आलं, सुमारे सातशे ग्रॅमचं, आणि त्यात चक्री बाजूला उघडते. आधीची आपली सरकारी .३२ रिव्हॉल्व्हरं वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या घाटाची. मधून मोडतात, अडकित्त्यासारखी, आणि मोडताना सहाही पुंगळ्या एकदम वर उचलून टाकतात.

## “रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही”

हे वाक्य प्रत्येक परवानाधारकाच्या तोंडी असतं. अर्धं खरं आहे.

काडतूस फुसकं निघालं तर रिव्हॉल्व्हर सहज सावरतं. पुन्हा चाप ओढा, चक्री फिरते, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात फुसकं काडतूस नळीत बसून राहतं आणि धक्काच बसलेला नसल्यामुळे यंत्र तिथेच थांबतं. ते हाताने स्लाइड ओढून काढावं लागतं. (सरावात असं झालं तर घाई नको, तोंड लक्ष्याकडे ठेवून थांबायचं. दारू कधी कधी उशिरा पेटते.) शिवाय पिस्तुलाला मनगट घट्ट लागतं. हात सैल असेल तर स्लाइडबरोबर अख्खं पिस्तूल मागे जातं, स्लाइड पूर्ण सरकत नाही आणि पुंगळी तोंडातच उभी अडकते, स्टेपलरमध्ये पीन वाकडी होऊन बसते तशी.

पण रिव्हॉल्व्हर बिघडतं तेव्हा ते जागेवर सुधारत नाही. न जळलेल्या दारूचे कण चक्रीखाली साचले, प्रायमर किंचित वर आलेला असला, किंवा झिजेमुळे घर नळीच्या बरोबर समोर येईना, तर चक्री घट्ट रुतते. मग कारागिराकडेच न्यावं लागतं. पिस्तूल वरचेवर कुरकुरतं, पण सराव असलेला माणूस दोन-तीन सेकंदांत ते चालू करतो. सायकलची चेन उतरणं आणि हबच मोडणं, एवढा फरक आहे.

‘सराव असलेला’ हे दोन शब्द मी मुद्दाम लिहिलेत. मामांना वीस वर्षांत झाडलेल्या गोळ्या विचारल्या. उत्तर आलं: बारा. त्यातल्या सहा घेतल्या दिवशी.

## रिकामं आहे की भरलेलं?

मला विचाराल तर सगळ्यात मोठा फरक हा आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

रिव्हॉल्व्हर उघडलं की सहा घरं समोर दिसतात. भरलेली किती, रिकामी किती, अंगठ्याने मोजता येतात. पिस्तुलात दोन जागा असतात: मॅगझिन आणि नळीतलं घर, ज्याला चेंबर म्हणतात. मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक काडतूस बसलेलं असू शकतं. ‘मॅगझिन तर काढलं होतं’ हे वाक्य अपघातानंतरच्या जबाबांत जगभर येतं.

आणि क्रम चुकला तर आणखी घोळ. आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर स्लाइडने एक काडतूस बाहेर टाकलं खरं, पण परत येताना मॅगझिनमधून दुसरं आत नेलं. समोर काडतूस पडलेलं दिसतं, हातात मॅगझिन आहे, मन म्हणतं ‘रिकामं’. पिस्तूल भरलेलंच. बरोबर क्रम असा: तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून धरा, डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. काका हे करताना प्रत्येक वेळी करंगळी घालत होते. पन्नास वर्षं झाली धंद्यात, तरी.

म्हणून मी मामांना सांगितलं, रिव्हॉल्व्हर बोटाकडून काम घेतं, पिस्तूल डोक्याकडून. बोटाला रोज वेली छाटायची सवय आहे. डोक्याला पहाटे तीन वाजता, कुत्री भुंकताना, अकरा महिने न शिवलेल्या यंत्राचा क्रम आठवेल का?

## पडलं की सुटतंच का?

गोविंदांच्या बाबतीत नेमकं काय झालं, त्यावर मी बोलणार नाही. पण जुन्या रिव्हॉल्व्हरांत एक उणीव असे. खाली टेकलेल्या घोड्याचं टोक थेट प्रायमरवर बसायचं. शस्त्र घोड्यावर आपटलं की ठोका प्रायमरला. म्हणून जुने लोक घोड्याखालचं घर रिकामं ठेवत आणि सहाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसं भरत. नंतरच्या बनावटींत घोडा आणि प्रायमर यांच्यामध्ये पोलादाचा अडसर आला, चाप पूर्ण ओढल्याशिवाय ठोका पोचत नाही. चांगल्या आधुनिक पिस्तुलांतही प्रायमरवर ठोका देणारी टाचणी अडवणारा असाच तुकडा असतो.

तेव्हा ‘पिस्तूल सेफ, रिव्हॉल्व्हर नाही’ असं नसून, जुनं आणि नवं, तपासलेलं आणि न तपासलेलं असा फरक आहे. अनेक रिव्हॉल्व्हरांना सेफ्टीचा खटका नसतोच. त्यांचा जड चाप हीच सेफ्टी. बऱ्याच पिस्तुलांना खटका असतो, पण तो लावला की नाही हे पुन्हा डोक्याचं काम. आणि एक: शस्त्र हातातून निसटलं तर झेलायला जाऊ नये. झेलताना बोट नेमकं चापात जातं.

## पण पोलिसांनी तर पिस्तूल घेतलं!

मामांचा शेवटचा हुकमी पत्ता. खरं आहे. ११ एप्रिल १९८६ ला अमेरिकेत मायामी परिसरात एफबीआयचे आठ जण दोन दरोडेखोरांशी भिडले. दोन अधिकारी ठार, पाच जण जखमी. अनेकांकडे रिव्हॉल्व्हर होती. हात जखमी झालेल्या एका अधिकाऱ्याला चक्रीत पुन्हा काडतुसं भरताच आली नाहीत. त्यानंतर तिथल्या पोलीस दलांचा रिव्हॉल्व्हरकडून पिस्तुलाकडे जाण्याचा वेग वाढला. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये तो निर्णय घेतला, आणि अपघात टाळायला पिस्तुलाचा चाप मुद्दाम जड करून घेतला, रिव्हॉल्व्हरइतका. यंत्र बदललं, पण बोटाचं कष्ट त्यांनी हट्टाने ठेवलं. मला हा तपशील फार आवडतो.

पण पोलिसाला नेमबाजीचा सराव करायला लावतात, त्याच्या शस्त्राला कारागीर असतो, आणि त्याला चकमकीत जावं लागतं. शेतघरातल्या माणसाला पळून दार लावता येतं. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, ते अर्ध-स्वयंचलित .२२ वर. कोल्हापूरच्या या मुलीच्या हातात पिस्तूल शोभतं, कारण त्यामागे हजारो तासांचा सराव आहे.

सहा गोळ्या पुरतील का, हाही प्रश्न येतो. .३२ च्या पिस्तुलात सात-आठ मावतात. फरक एक-दोनचा. त्यासाठी निर्णय फिरवू नये.

‘मॅगझिन भरून ठेवलं तर स्प्रिंग मरते’ ही भीतीही तितकीशी खरी नाही. चांगली स्प्रिंग दबून राहिल्याने कमी आणि वारंवार दाबली-सोडल्याने जास्त थकते. खरा शत्रू गंज. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी दर पावसाळ्यात शस्त्र उघडून, पुसून, तेलाचा हात द्यावा. चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नये, चामडं ओल धरतं.

## कागदाचं काय?

मनात आलं आणि बदललं, असं होत नाही. परवान्यावर शस्त्राचा प्रकार आणि बोअर लिहिलेलं असतं. शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी परवाना देतात. रिव्हॉल्व्हर विकून पिस्तूल घ्यायचं तर आधी परवानगी, मग व्यवहार, मग नोंद. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात, पूर्वी तीन चालत. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. २०१६ च्या नियमांत सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षणही आलं. लग्नात हौसेने हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बीडमधल्या परवान्यांवरून २०२४-२५ मध्ये एवढं रान उठलं, हवेत गोळीबार करणारे व्हिडिओ फिरले, परवाने रद्द व्हायला लागले, तरी वरातीतली हौस फिटलेली नाही.

आणि भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं, स्वसंरक्षणाची. पाठ फिरवून पळणाऱ्या चोरावर गोळी झाडणं त्यात बसवायला वकिलाचा घाम निघेल. रिव्हॉल्व्हर असो की पिस्तूल, कोर्टात प्रश्न तोच.

## मग मामांनी काय घेतलं?

माझा हिशेब साधा होता. महिन्यातून एकदा रेंजवर जाणार असाल, दर वेळी पन्नास-साठ गोळ्या झाडणार असाल, तर पिस्तूल घ्या. ते जास्त नेमकं चालवता येतं, झटकन भरता येतं, चपटं असल्याने नीट राहतं. वर्षातून एकदा दसऱ्याला शस्त्रपूजनाला बाहेर काढणार असाल, तर रिव्हॉल्व्हर. आणि घरात लहान मुलं असतील तर शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या मोठ्यांच्या कमरेला. मग ‘गरजेला वेळ लागेल’ ही तक्रार करू नका, तो वेळ लागावा म्हणूनच दोन कुलपं आहेत.

मामांनी काही घेतलं नाही. काकांनी जुनं रिव्हॉल्व्हर त्यांच्या कारागिराला दाखवलं, त्याने चक्रीची झीज तपासली, घोड्याची स्प्रिंग बदलली आणि मामांना एक वाक्य सुनावलं: “साहेब, हे तुमच्यापेक्षा तरुण आहे.” पुढे विधानसभेची निवडणूक लागली, शस्त्र पोलीस ठाण्यात जमा झालं. निकालानंतर मी गावी होतो, तेव्हा मामांबरोबर ते आणायला गेलो. हवालदाराने पावती घेतली, फडकं सोडलं. मामांनी तोंड जमिनीकडे धरून ते अडकित्त्यासारखं मोडलं आणि चक्री खिडकीसमोर धरली. सहाही भोकांतून उजेड दिसत होता. मामांनी तरी करंगळी घालून एकेक घर चाचपलं, मगच सही केली.